रोजच्या फोर बाय फोरसाठी ऑफ-रोड सामान: काय आधी घ्यायचं आणि काय घ्यायचंच नाही

गाडी ताब्यात आली की पहिल्याच आठवड्यात यादी तयार होते: स्टीलचा बंपर, विंच (गाडी ओढायचं मोटरचं दोरयंत्र), लाइटबार, स्नॉर्केल, छतावर कॅरियर. ती बाजूला ठेवा आणि गाडीची माहितीपुस्तिका उघडा. त्यात दोन आकडे शोधायचे. एक गाडीचं स्वतःचं वजन, म्हणजे कर्ब वेट. दुसरा, माणसं आणि सामान भरल्यावर गाडीचं जास्तीत जास्त किती वजन चालतं, म्हणजे ग्रॉस वेट.

मारुतीच्या पाच दारांच्या जिम्नीचं कर्ब वेट व्हेरिएंटप्रमाणे 1195 ते 1210 किलो आणि ग्रॉस वेट 1545 किलो. 1210 धरले तर मध्ये उरले 335 किलो. सत्तर किलोची चार माणसं बसली की 280 गेले. शिल्लक 55. त्यातच बॅगा, पाण्याचा कॅन आणि तुमचं सगळं ऑफ-रोडचं सामान. स्टीलचा पुढचा बंपर 40-50 किलोचा, विंच 30-40 किलोची. दोन्ही लावले तर चौथ्या माणसाला घरीच ठेवावं लागेल. महिंद्रा थार किंवा फोर्स गुरखाला मोकळीक थोडी जास्त, पण हिशेब हाच.

जी गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची आहे, तिच्यासाठी खरेदीचा क्रम यावरूनच ठरतो. डिकीत टाकता येतं आणि रविवारी रात्री काढून ठेवता येतं, ते सामान सर्वांत आधी. बोल्टने बसवायचं ते गरज पडेल तसं. पत्रा कापून किंवा वायर तोडून बसवायचं ते जवळजवळ कधीच नाही.

पहिली पायरी: गाडीखाली वाकून बघा

कंपनीने काय दिलंय हे माहीत नसताना सामान घेतलं की पैसे दुप्पट जातात. जिम्नीत लो-रेंज (हळू पण जास्त ओढीचे गिअर) आहे, पण डिफरन्शियल लॉक, म्हणजे एका एक्सलवरची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं कुलूप, नाही. हवेत फिरणाऱ्या चाकाला इलेक्ट्रॉनिक्स ब्रेक लावतं आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. थारच्या काही व्हेरिएंटना मागच्या एक्सलवर मेकॅनिकल लॉकिंग डिफ आहे, तो दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आपोआप लागतो. गुरखाला पुढे-मागे दोन्ही लॉक हाताने लावायचे असतात. ब्रेकवर चालणाऱ्या व्यवस्थेत चाक थोडं फिरल्याशिवाय काही घडत नाही. नवखे लोक चाक फिरलं की घाबरून पाय काढतात आणि मग गाडीत दम नाही म्हणतात. अॅक्सिलरेटर हलका पण स्थिर धरून दोन-तीन सेकंद द्या.

आता टो पॉइंट बघा. बऱ्याच गाड्यांखाली पत्र्याच्या पातळ कड्या असतात. त्या ट्रेलरवर गाडी बांधून आणण्यासाठी. बंपरमधली टोपी काढून पिळून बसवायचा डोळा असतो, तो बंद पडलेली गाडी डांबरी रस्त्यावरून हळू ओढण्यासाठी. चिखलात रुतलेल्या गाडीला झटका द्यायला यातलं काहीही चालत नाही. खरा रिकव्हरी पॉइंट चॅसिसला किमान दोन जाड हाय-टेन्साइल बोल्टनी बसवलेला असतो आणि त्याच्यावर टनांचा आकडा कोरलेला असतो. पुढे एक आणि मागे एक असा पॉइंट नसेल, तर बोल्टने बसवायच्या सामानात पहिला नंबर याचा.

ट्रेलर ओढायच्या टो बॉलला दोर कधीही अडकवू नका. तो तुटला तर लोखंडाचा गोळा काच फोडून आत येतो. परदेशात अशा अपघातांत माणसं दगावली आहेत.

वाकलाच आहात तर जॅकही बघून घ्या. कंपनीचा जॅक मातीत स्वतःच रुततो. 30 बाय 30 सेंटिमीटरचा, 18-20 मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा सुताराकडून कापून घ्या आणि स्टेपनीच्या सामानात टाका. याहून स्वस्त अॅक्सेसरी या लेखात नाही.

हवा

एकच वस्तू घ्यायची असेल तर कंप्रेसर घ्या. ऑफ-रोडची निम्मी ताकद टायरमधली हवा कमी करण्यात असते, पण परत भरायची सोय नसली की कोणी ती काढतच नाही. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि दगडावर आदळण्याऐवजी दबतो.

रस्त्यावरचा आकडा ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर असतो, तो पाळा. कच्च्या, खडबडीत रस्त्याला त्यातून चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी पुरेत. जांभ्याच्या कातळावर आणि मोठ्या धोंड्यांत 18 ते 20. कोरड्या वाळूत 15-16. बाराच्या खाली नवख्यांनी जाऊ नये; वळताना टायर रिमवरून सुटतो आणि तो परत बसवणं हे वेगळंच शास्त्र आहे. पंधरा-सोळावर असताना वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत ठेवा आणि स्टिअरिंग झटकन फिरवू नका. डांबरी रस्ता लागला की आधी हवा, मग पुढचा चहा. कमी हवेवर वेगाने गेलं की टायरची बाजू तापते आणि फुटते.

देशावरच्या काळ्या मातीत मात्र वाळूचा नियम आंधळेपणाने लावू नका. वरचा चिखल वीतभर आणि खाली टणक जमीन असेल, तर पसरलेला टायर वरच तरंगतो. 22-25 पीएसआयवरचा अरुंद टायर चिखल कापून खालचा टणक थर पकडतो. खाली टणक काहीच नसेल तर हवेने फार फरक पडत नाही. भिजलेली काळी माती टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत करते, मग टायर कितीही महाग असो. अशा शेतवाटेला पावसाळ्यात दुसरा रस्ता शोधणं हेच तंत्र. समुद्राच्या वाळूचा मोह तर मुळातच सोडा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे. कोकणातही दर सुट्टीत कोणाची तरी गाडी भरतीत अडकते आणि खारं पाणी वायरिंग, बेअरिंग आणि चॅसिस सगळ्यात शिरतं.

कंप्रेसर घेताना खोक्यावरचा 150 पीएसआयचा आकडा बघू नका, मिनिटाला किती लिटर हवा आणि किती अँपिअर वीज हे बघा. सिगारेट लायटरच्या सॉकेटला साधारण 15 अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे बारा व्होल्टवर जेमतेम 180 वॅट. त्यावर चालणारा छोटा पंप थारच्या एका टायरला 16 पासून 30 पर्यंत आणायला पाच-सहा मिनिटं सहज घेतो. चार टायर म्हणजे पंचवीस मिनिटं, आणि मध्ये पंप थंड करायचा थांबा वेगळा. दोन सिलिंडरचे मोठे पंप 30 अँपिअरच्या आसपास ओढतात. ते चिमट्यांनी थेट बॅटरीवर लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. सॉकेटला लावले तर फ्यूज उडतो, पुष्कळदा रात्री आणि जंगलात. सोबत एक स्वतंत्र गेज घ्या. पंपावरचं घड्याळ दोन-तीन पीएसआय सहज चुकतं आणि 16 च्या जागी 13 ही थट्टा नाही.

ओढायचं सामान

यात तीन गोष्टींची सरमिसळ होते. टो स्ट्रॅप ताणत नाही. तो बंद गाडी रस्त्यावर ओढायला. कायनेटिक दोर रबरासारखा ताणतो, साधारण तीस टक्क्यांपर्यंत, आणि ताणलेला दोर आकसताना रुतलेली गाडी उचलून आणतो. झाडाला बांधायचा रुंद पट्टा तिसरा, तो विंचसोबत लागतो. रुतलेल्या गाडीला न ताणणारा पट्टा किंवा साखळी लावून झटका दिला की काहीतरी तुटतं: पट्टा, कडी किंवा बंपर.

कायनेटिक दोर किती टनांचा घ्यायचा? दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या ग्रॉस वेटच्या दोन ते तीनपट. जिम्नीसाठी तीन ते साडेचार टन झाले. दुकानदार जास्त टनाचा दोर गळ्यात मारतो, कारण जास्त म्हणजे मजबूत असं सगळ्यांना वाटतं. हलक्या गाडीला तो दोर ताणतच नाही आणि साखळीसारखा वागतो. लांबी नऊ मीटर बरी.

कडी, म्हणजे बो शॅकल, 19 मिलिमीटरची घ्या. तिच्यावर 4.75 टन असा सुरक्षित भार कोरलेला असतो. काहीच कोरलेलं नसेल तर ती कडी गेटला लावा. पिन हाताने पूर्ण आवळून पाव आटा मागे घ्यायची, नाहीतर ओढाताणीनंतर ती उघडत नाही. दोरापासून बनवलेली सॉफ्ट शॅकल जास्त सुरक्षित, कारण तुटली तरी ती गोळीसारखी उडत नाही. फक्त धारदार कडेवर घासू द्यायची नाही. दोन दोर जोडायचे झाले तर मध्ये लोखंडी कडी कधीही नको.

आता प्रत्यक्ष ओढताना. आधी फावडं. चारही चाकांसमोरची माती उतारासारखी काढा, पोटाखालीही टेकलेली असेल तर तिथलीही. हा भाग सगळे टाळतात आणि म्हणूनच तुटतं. ओढणारी गाडी शक्य तितकी सरळ रेषेत उभी करा. दोर नागमोडी टाकून दोन-तीन मीटर सैल ठेवा. दोराच्या मधोमध ओलं गोणपाट किंवा जाड सतरंजी टाका, म्हणजे तुटला तर तो जमिनीकडे जाईल. बघे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि समोर नव्हे, बाजूला. इशारा एकाच माणसाने द्यायचा. ओढणारी गाडी लो-रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस रमतगमत धावतो त्या वेगाने निघते. दोर ताणला की रुतलेल्या गाडीने चाकं सरळ ठेवून हलका अॅक्सिलरेटर द्यायचा. दोनदा झालं नाही तर तिसऱ्यांदा वेग वाढवायचा नाही. परत खणायचं.

फावडं घडीचं, लष्करी दिसणारं नको. सांध्यात वाकतं. गावच्या हार्डवेअरच्या दुकानातलं आखूड दांड्याचं फावडं याहून बरं. कातडी हातमोजे दोन जोड. ट्रॅक्शन बोर्डची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्यांची) जोडी एकट्या गाडीने फिरणाऱ्यांना फार उपयोगी, पण बोर्ड मीटरभरापेक्षा लांब असतात आणि जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना 208 लिटरची. विकत घेण्याआधी जागा मोजा. बोर्ड चाकाखाली खुपसून बसवायचा आणि अगदी हळू चढायचं. चाक फिरवलंत तर बोर्डाचे दात वितळतात आणि बोर्ड मागच्या माणसाच्या नडगीवर येतो.

टायर

टायर बदलणं ही रोजच्या गाडीवरची सगळ्यांत मोठी तडजोड आहे, म्हणून घाई नको. आधी कंपनीचे टायर झिजवा. थारच्या वरच्या व्हेरिएंटला सिएट झार हा ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांचा) टायर कंपनीतूनच मिळत आलाय; वर्ष-दोन वर्षं त्यावर शिकता येतं. जिम्नीचे ब्रिजस्टोन ड्युएलर रस्त्याचे आहेत, चिखलात लवकर भरतात, पण हवा कमी करून पुष्कळ ठिकाणी जातात.

बदलायचेच झाले तर ऑल-टेरेन. चिखलासाठीच्या मड-टेरेन टायरच्या मोठ्या गोट्या चिखलात फेकतात छान, पण ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं. जुलैमध्ये ताम्हिणी किंवा वरंधा घाटात उतारावर ब्रेक मारायचा प्रसंग आला की हा फरक गाडीच्या लांबीएवढा जाणवतो. आवाज आणि मायलेजची गोष्ट वेगळीच. महिन्यातून एकदा चिखल आणि रोज ऑफिस असेल तर मड-टेरेन ही चूक आहे, एवढं सरळ सांगायला हरकत नाही.

मापाचा हिशेब स्वतः करता येतो. जिम्नीचा मूळ टायर 195/80 आर 15 (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), व्यास 693 मिलिमीटर. 215/75 आर 15 लावला तर साधारण 703, म्हणजे दीड टक्का वाढ. कोणाला फरक पडत नाही. 235/75 आर 15 लावला तर 733, म्हणजे जवळपास सहा टक्के. गाडी खरोखर 100 ने जात असताना काटा 94-95 दाखवतो. ग्राउंड क्लिअरन्स वाढतो त्याच्या निम्मा, वीस मिलिमीटर. आणि मुळात 134 न्यूटन मीटर टॉर्क असलेल्या इंजिनाला प्रत्येक गिअर उंच वाटू लागतो; घाटात तिसऱ्याच्या जागी दुसरा. मागच्या दारावर टांगलेली स्टेपनीही त्याच मापाची हवी, आणि तिच्या जादा वजनाने दाराचे बिजागर हळूहळू खाली येतात. दार लावताना उचलावं लागू लागलं की समजा.

थारवाल्यांसाठी एक उलटी युक्ती आहे. 18 इंची रिमवरचा 255/65 टायर आणि साध्या व्हेरिएंटचा 16 इंची रिमवरचा 245/75 यांच्या व्यासात फक्त दीड सेंटिमीटरचा फरक, पण टायरची बाजू 166 ऐवजी 184 मिलिमीटर. दगडात हवा कमी करायला आणि रिम वाचवायला छोटी रिम चांगली. तुमच्या व्हेरिएंटच्या ब्रेकवर ती बसते का, हे एक चाक लावून, हाताने फिरवून बघा, मगच पाच घ्या.

पाचही टायर एकाच मापाचे आणि साधारण एकाच झिजेचे ठेवा. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा एक्सल एकमेकांना घट्ट जोडला जातो. व्यासात फरक असला की ट्रान्स्फर केसवर (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) पीळ पडतो. कोरड्या डांबरावर 4H (नेहमीच्या गिअरमधलं फोर बाय फोर) लावून चालवू नका ते याच कारणासाठी. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागा बदलताना स्टेपनीही फेरीत घ्या. टायर बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने नट पुन्हा आवळा, पंक्चरवाल्याच्या न्यूमॅटिक गनवर विसंबू नका.

पोटाखालचं संरक्षण

कातळावर किंवा ओढ्यांच्या धोंड्यांत जाणार असाल तरच स्किड प्लेट. इंजिनाची चेंबर, ट्रान्स्फर केस आणि इंधनाची टाकी या तीन जागा. स्टील तीन-चार मिलिमीटर, अॅल्युमिनियम पाच-सहा. घेताना एकच प्रश्न विचारा: ऑइल काढायला प्लेट उतरवावी लागते का? भोक नसेल तर सर्व्हिस सेंटरवाले प्रत्येक वेळी कुरकुर करतात आणि एकदा एखादा बोल्ट विसरतात. चिखलानंतर प्लेटच्या आत अडकलेली माती पाण्याच्या जोरकस धारेने काढा; साचलेली ओली माती आतून गंज आणते.

पायरी आणि रॉक स्लायडर दिसायला सारखे, काम वेगळं. पायरी पातळ पाइपची असते, दगडावर टेकली की ती वर वळून दाराचा पत्रा दाबते. स्लायडर चॅसिसला बसतो, बॉडीला नाही, आणि त्यावर जॅक लावून गाडी उचलता यायला हवी. ही परीक्षा दुकानातच घ्या.

दिवे आणि वायरिंग

36 वॅटचे दोन एलईडी म्हणजे 72 वॅट, सहा अँपिअर. यासाठी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर दहा अँपिअरचा फ्यूज. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीही वाचवत नाही. मूळ हार्नेसची (गाडीच्या वायरच्या जुडग्याची) वायर सोलून जोड देणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नका. तयार कपलरवाला हार्नेस मागा. कापलेली वायर दिसली की वॉरंटीचा वाद तुम्ही हरलात. पिवळट प्रकाश धुक्यात आणि पावसात बरा, दिवे बंपरच्या उंचीवर. छतावरचा लाइटबार बॉनेटवर चमकतो आणि ड्रायव्हरलाच आंधळं करतो. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांवर येणारे दिवे लावले तर दंड होतो.

ज्याची घाई करू नये ते

बुल बार, म्हणजे पुढे लावायची लोखंडी चौकट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. धडकेत पुढचा भाग जसा चुरगाळायला बनवलेला असतो तसा चुरगाळत नाही, एअरबॅगचं गणित बिघडतं आणि पादचाऱ्याला लोखंड लागतं. मुळात मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच उचलून धरलं. जे काही बोल्टने बसवाल, ते विमा कंपनीला लेखी कळवा. अॅक्सेसरीजचं संरक्षण पॉलिसीत वेगळं घ्यावं लागतं.

विंच ग्रॉस वेटच्या दीडपट क्षमतेची लागते. जिम्नीला 2300 किलोंच्या पुढे, म्हणजे व्यवहारात 6000 पाउंडांची. पूर्ण भारावर ती तीनशे-चारशे अँपिअर खेचते, त्यामुळे मागोमाग बॅटरीचा खर्च येतो, आणि नाकावरच्या वजनाने पुढचे स्प्रिंग बसतात. दोन गाड्यांनी फिरणाऱ्याला दोर पुरतो. एकट्याने दूर जायचं असेल तेव्हा विचार करा.

लिफ्ट किट चाळीस-पन्नास मिलिमीटरचं असलं तरी नुसते स्प्रिंग बदलून काम संपत नाही. जिम्नीच्या सलग एक्सलला पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक्सल मधोमध धरणारा आडवा दांडा आहे. गाडी उचलली की एक्सल एका बाजूला सरकतो, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कोन) कमी होतो आणि साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. थारच्या पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद नेणाऱ्या वळत्या सांध्याचा) कोन वाढून त्याचे रबरी बूट फाटतात. ब्रेकचे होस ताणतात, हेडलाइट वर बघू लागतात.

स्नॉर्केल हवेचं तोंड वर नेतं, बाकी काही नाही. अल्टरनेटर, वायरिंग आणि एक्सल पाण्यातच असतात. थारची पाण्यातली मर्यादा 650 मिलिमीटर, ती मूळ गाडीसह. नदीकाठी उभं राहून ही उंची आपल्या मांडीवर कुठवर येते ते आधी मोजा. स्नॉर्केलपेक्षा डिफचे ब्रीदर पाइप (आतली हवा आत-बाहेर जाण्याच्या नळ्या) लांबवून वर बांधून घ्या. गरम डिफ थंड पाण्यात बुडाला की आत हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, हे ब्रीदर वर असला की टळतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ओढा, एअर फिल्टर उघडून बघा. ओला असेल तर गॅरेज.

चाकाच्या मधोमध येईल एवढं पाणी ओलांडलं असेल, तर परतल्यावर त्याच आठवड्यात डिफच्या भरायच्या प्लगमधून बोट घालून तेल बघा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ऑइल बदला आणि शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदला.